‘हा कबिला आपला की त्यांचा?’ : अरब बंडातली हेरगिरी (भागाचं शब्दांकन)

ज्यांची लोकलमध्ये रेंज जाते, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ज्यांना माझा आवाजच आवडत नाही (आहेत असे, मेसेज येतात), त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना झालेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत.

मागच्या भागात आपण हिजाझ रेल्वेवर बोललो. त्यावर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याचा प्रश्न असा : “दादा, लॉरेन्सने रूळ उडवले, ठीक आहे. पण त्या वाळवंटात कुठला कबिला इंग्रजांच्या बाजूने आणि कुठला तुर्कांच्या, हे इंग्रजांना कळायचं कसं? तिथे काय यादी लावलेली होती का?”

प्रश्न इतका भारी होता की पुढचा ठरलेला विषय मी बाजूला ठेवला. कारण गंमत अशी, की यादी खरंच होती. आणि सगळा घोळ त्या यादीतच होता.

(एक छोटी गोष्ट. मराठीत ‘टोळी’ म्हटलं की डोळ्यांपुढे दरोडेखोर येतात. म्हणून मी ‘कबिला’ म्हणणार आहे.)

आधी पार्श्वभूमी, पटकन. पहिलं महायुद्ध चालू आहे. मक्का, मदिना आणि आजूबाजूचा हिजाझ प्रांत उस्मानी तुर्की साम्राज्यात. मक्केचा अमीर शरीफ हुसेन. १० जून १९१६ ला त्याने मक्केतल्या आपल्या वाड्यातून बंदुकीचा बार काढला आणि बंड सुरू झालं, असं सांगतात. मदिनेत त्याची मुलं अली आणि फैसल आधीच, ५ जूनला, उठली होती. जेद्दा आठवड्याभरात पडलं, मक्का जुलैत, ताइफ सप्टेंबरात. मदिना मात्र पडलीच नाही. तिथला तुर्की सेनापती फख्री पाशा युद्ध संपल्यावरही, थेट जानेवारी १९१९ पर्यंत, तग धरून होता.

आता हुसेनकडे खडं सैन्य असं फारसं नव्हतंच. लढणार होते ते बदू कबिले. मक्का आणि मदिनेच्या मधल्या डोंगरांत हर्ब. यानबू बंदराच्या मागे जुहैना. त्याच्या उत्तरेला, वज्ह बंदराच्या आसपास, बिल्ली. मक्केच्या पूर्वेला अतैबा. अजून वर मआनकडे हुवैतात, आणि सीरियाच्या वाळवंटात रुवाला. इंग्रजांचा सगळा खेळ या लोकांवर अवलंबून होता, आणि इंग्रज बसले होते कैरोतल्या एका हॉटेलात.

हॉटेल सॅव्हॉय. १९१६ च्या सुरुवातीला तिथे ‘अरब ब्यूरो’ नावाचं छोटंसं ऑफिस उभं राहिलं. वर गुप्तचर खात्याचा प्रमुख गिल्बर्ट क्लेटन, आणि ब्यूरो चालवायला डेव्हिड होगार्थ. हा माणूस पुरातत्त्ववाला, ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन म्युझियमचा प्रमुख. लॉरेन्सही मुळात त्याचाच चेला, उत्खननातून आलेला. गर्ट्रूड बेल १९१३-१४ मध्ये उंटावरून थेट हाइलपर्यंत जाऊन आली होती. १९१५ च्या शेवटी ती कैरोत आली आणि कबिल्यांच्या नोंदी लावत बसली. कोण कुणाचा पोटकबिला, शेख कोण, कुणाचं कुणाशी वैर, विहीर कुणाची. म्हणजे हेरखातं म्हटल्यावर आपल्याला जे जेम्स बाँड टाइप वाटतं, ते इथे नव्हतं. हे लोक वंशावळी लिहीत होते. अक्षरशः भाटगिरी!

या ऑफिसमधून एक गुप्त पत्रिका निघायची, ‘अरब बुलेटिन’. पहिला अंक ६ जून १९१६ चा. मोजक्या प्रती, मोजक्या अधिकाऱ्यांसाठी. शिवाय हिजाझची एक माहितीपुस्तिका होती, तिच्यात कबिल्यांची प्रकरणं. आणि हिंदुस्थान सरकारने तर हे काम आधीच करून ठेवलं होतं. लॉरिमर नावाच्या अधिकाऱ्याचं इराणी आखात आणि मध्य अरबस्तानावरचं प्रचंड गॅझेटियर, त्याचा भौगोलिक भाग १९०८ मध्ये कलकत्त्यात छापला होता. कबिले, गावं, घरं, विहिरी, सगळं त्यात.

आता माझ्यातला इंजिनियर जागा होतो, सांभाळून घ्या. माझ्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव नको) ग्राहकांच्या टेबलात एक कॉलम होता : ‘लॉयल’. हो किंवा नाही. तो कुणी भरला, कधी भरला, कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याच्यावर आख्खा रिपोर्ट चालायचा आणि साहेब लोक त्यावर निर्णय घ्यायचे. अरब बंडाचे कागद वाचताना मला सारखा तो कॉलम आठवतो. हर्ब : अंशतः मित्र. बिल्ली : तुर्कांचे. जुहैना : आपले. पण निष्ठा कबिल्याला चिकटलेली नव्हतीच. ती दोघांमधल्या नात्यात होती, आणि ते नातं महिन्याला बदलत होतं.

बदूंच्या बाजूने बघा. शतकानुशतकं हजच्या काफिल्यांच्या वाटेवरच्या कबिल्यांना तुर्की सरकार दरवर्षी रक्कम द्यायचं, ‘सुर्रा’ म्हणतात तिला. काफिले लुटू नका म्हणून. शिवाय यात्रेकरूंना उंट भाड्याने द्यायचे, ते उत्पन्न वेगळं. १९०८ मध्ये दमास्कस ते मदिना रेल्वे आली, साधारण १३०० किलोमीटर, आणि ती पोटावर आली. मागच्या भागात आपण म्हणालो की बदूंना रुळांचा राग होता. त्या रागात राष्ट्रवाद थोडा आणि उंटाचं भाडं जास्त.

आणि तुर्कांनाही हे कळत नव्हतं असं नाही बरं का. सुलतान अब्दुल हमीदने १८९२ मध्ये इस्तंबूलला खास कबिल्यांची शाळा काढली होती. शेखांची मुलं आणायची, शिकवायची, अधिकारी करून परत पाठवायची. १९०७ पर्यंत चालली ती. बंड झाल्यावर तुर्कांनी हुसेनच्या जागी त्याच्याच घराण्यातला प्रतिस्पर्धी, शरीफ अली हैदर, मक्केचा अमीर म्हणून नेमून टाकला. म्हणजे कबिल्यांपुढे प्रश्न ‘अरब की तुर्क’ असा सरळ उरलाच नाही. दोन्हीकडे एकेक शरीफ, दोन्हीकडे सोनं.

सोन्याचा आकडाही सांगतो. इंग्रज हुसेनला सुरुवातीला महिन्याला १,२५,००० पाउंड देत होते. लॉरेन्सच्या नोंदीप्रमाणे फैसलच्या छावणीत माणसाला महिना २ पाउंड आणि उंटाला ४. (उंटाचा पगार माणसाच्या दुप्पट. यावर मी काही बोलत नाही, आयटीतले लोक ऐकतायत.) आणि तो असंही सांगतो की एका घरात बंदूक एक आणि मुलगे चार, तर मुलगे पाळीपाळीने लढायला येत. चार दिवस हा, मग तो. आता कैरोतून तार आली, “फैसलकडे माणसं किती?” तर काय उत्तर देणार? सकाळी मोजले तर एक, संध्याकाळी वेगळं.

इथून पुढे या माहितीवर माणसं जगली-मेली, म्हणून थोडं थांबून बघू.

पहिला मोठा फटका तर बंडाच्या आधीच बसला होता. ऑगस्ट १९१५, गॅलिपोलीची लढाई. तुर्की सैन्यातला मुहम्मद शरीफ अल-फारूकी नावाचा तरुण अरब लेफ्टनंट इंग्रजांकडे पळून आला. मूळ मोसुलचा. त्याला कैरोत आणलं. त्याने सांगितलं, सैन्यातल्या बहुतेक अरब अधिकाऱ्यांची एक गुप्त संघटना आहे, ‘अल-अहद’. ती उठायला तयार आहे. तुम्ही अरबांना स्वातंत्र्याचा शब्द द्या, नाहीतर आम्ही जर्मनांकडे जातो. क्लेटनने विश्वास ठेवला. २४ ऑक्टोबर १९१५ ला इजिप्तचा उच्चायुक्त मॅकमेहनने हुसेनला ते प्रसिद्ध पत्र पाठवलं, अरब स्वातंत्र्याचं, धूसर सीमांचं. ज्यावरून आजपर्यंत भांडणं चालू आहेत, तेच.

अल-अहद खरी होती. पण फारूकी सांगत होता तेवढी मोठी नव्हती. बंड झालं तेव्हा तुर्की सैन्यातली एकही अरब पलटण अख्खीच्या अख्खी हुसेनकडे आली नाही. जे अरब अधिकारी पुढे फैसलकडे दिसतात, त्यांतले बरेच इंग्रजांच्या युद्धकैदी छावण्यांतून भरती केलेले. एक माणूस, एक मुलाखत, दुसरीकडून पडताळणी शून्य. आणि तरी लोकांना पटलं, कारण कैरोला नेमकं हेच ऐकायचं होतं.

(आपल्याशी जोडलेला एक धागा इथे आहे. त्याच हिवाळ्यात इराकमध्ये, कूतला, सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. एप्रिल १९१६ मध्ये लॉरेन्सला तिकडे पाठवलं, तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊन वेढा उठतो का बघायला. देऊ केलेली रक्कम २० लाख पाउंडांपर्यंत गेली. खलीलने नकार दिला. इराकी अरब तुर्कांविरुद्ध उठतील का याचाही अंदाज घ्यायचा होता, तिथेही हाती काही लागलं नाही. २९ एप्रिलला पुणे डिव्हिजन शरण गेली. कैदेत त्या सैनिकांचे जे हाल झाले तो स्वतंत्र भागाचा विषय आहे, आणि तो मी करणार आहे.)

दुसरी गोष्ट रबिघची. जेद्दा आणि यानबूच्या मधलं हे छोटं बंदर. मदिनेहून मक्केला उतरणाऱ्या तुर्की फौजेला पाण्यासाठी इकडूनच यावं लागणार. इंग्रजांनी तिथे बंडासाठी सामान उतरवलं. तिथला शेख, हर्बपैकीच हुसेन इब्न मुबारक, ते सामान उतरवून घ्यायचा आणि स्वतःच ठेवायचा. आतून तो तुर्कांना धरून होता. यादीत मात्र ‘हर्ब’ एकच नाव! त्या एका नावाखाली डझनभर पोटकबिले आणि प्रत्येकाचा आपापला हिशोब.

मग इंग्रजांत वाद पेटला की रबिघला आपली ब्रिगेड उतरवायची का. ऑक्टोबर १९१६ मध्ये लॉरेन्स पहिल्यांदा हिजाझमध्ये गेला, वादी सफ्रामध्ये फैसलला भेटला, आणि परत येऊन त्याने अहवाल दिला : गोरे ख्रिश्चन सैनिक पवित्र भूमीत उतरले तर कबिले पांगतील. तोफा द्या, सोनं द्या, सल्लागार द्या, फौज नको. डोंगरातल्या वाटा कबिले स्वतः रोखून धरतील.

अहवालाचा अर्धा भाग मला अजूनही पटतो. पण लंडनमधल्या सेनाप्रमुख रॉबर्टसनला फ्रान्सची आघाडी सोडून कुठेही सैनिक पाठवायचे नव्हते. त्याला हा अहवाल म्हणजे मेजवानीच. लॉरेन्सचं वजन एका रात्रीत वाढलं, आणि ते केवळ माहिती चांगली होती म्हणून वाढलं असं मला वाटत नाही.

कारण दीड-दोन महिन्यांत, डिसेंबर १९१६ मध्ये, तुर्क डोंगरातून उतरले आणि यानबूच्या दारात आले. कबिल्यांनी वाटा रोखल्या नाहीत. नख्ल मुबारकजवळ लढाई चालू असताना फैसलच्या डाव्या बाजूचे जुहैना अचानक मागे फिरले. फैसलला वाटलं, फितुरी! सगळे धावत यानबूला. तिथे समुद्रात इंग्रजी युद्धनौका उभ्या होत्या, रात्री त्यांचे सर्चलाइट वाळवंटावर फिरत राहिले, आणि तुर्क परत गेले.

आणि जुहैना? लॉरेन्स लिहितो की नंतर त्यांचा पुढारी आला तेव्हा त्याला विचारलं, तुम्ही मागे का फिरलात? तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत लढून दमलो होतो, तहान लागली होती, कॉफी करून प्यायला गेलो. रात्री परत तुर्कांवर चालून गेले होते ते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. आता हसू येत नाही. त्या रात्री यानबूहून तार गेली असती तर तिच्यात ‘जुहैना फितूर’ असंच गेलं असतं. आणि एकदा तो शिक्का बसला की पुढचं धान्य, पुढच्या बंदुका, पुढचं सोनं बंद. कबिल्याच्या बायकापोरांचं पोट त्या एका शब्दावर.

बरं, मग चांगली माहिती मिळायची कशी? तिथे एक जुनी रीत होती, ‘रफीक’. दुसऱ्याच्या मुलखातून जायचं तर त्या कबिल्याचा एक माणूस सोबत घ्यायचा. त्याची सोबत म्हणजे कबिल्याचा शब्द. एका कबिल्याची हद्द संपली की रफीक बदलायचा. चुकीचा रफीक घेतला, म्हणजे ज्याचं पुढच्या कबिल्याशी रक्ताचं वैर आहे असा, तर तुम्ही मेलात. आता बघा, कुठला रफीक कुठपर्यंत यायला तयार आहे एवढं नुसतं पाहत गेलात, तर कोण कुणाचा मित्र याचा नकाशा आपोआप तयार होतो. विचारायला जायची गरजच नाही. लॉरेन्सने २० ऑगस्ट १९१७ च्या अरब बुलेटिनमध्ये सल्लागारांसाठी सत्तावीस कलमं लिहिली, त्यांत साधारण हेच आहे : घराणी, वैरं, विहिरी, वाटा शिकून घ्या, पण ऐकून, आडून. थेट प्रश्न विचारू नका. ज्यांनी कधी गावाकडे जाऊन पारावर बसून “कुणाचं कुणाशी पटत नाही हो?” असं विचारलंय, त्यांना कारण सांगायला नको.

पण ही माहिती म्हणजे फक्त कागद नव्हे. मार्च १९१७ मध्ये अब्दुल्लाच्या छावणीकडे जाताना लॉरेन्सच्या तुकडीतल्या हामिद नावाच्या मोरोक्कन माणसाने एका अगैल सोबत्याचा खून केला. मेलेल्याचे भाऊबंद रक्ताच्या बदल्यात रक्त मागणार. त्यांनी हामिदला मारलं तर मोरोक्कन बदला घेणार, आणि फैसलच्या सैन्यात दोन्ही होते. लॉरेन्सच्या म्हणण्याप्रमाणे, तिथे कुणाशीच नातं नसलेला माणूस तो एकटाच होता, म्हणून त्याने स्वतः हामिदला गोळी घातली. हात थरथरत होते, पहिल्या गोळीत जीव गेला नाही. हे त्याचंच कथन आहे, दुसरा साक्षीदार आपल्याकडे नाही. पण वैराचा हिशोब नीट माहीत असणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं.

जानेवारी १९१७ मध्ये वज्ह पडलं. बिल्लींचा मोठा शेख सुलैमान रिफादा तुर्कांचा माणूस होता, त्यामुळे यादीत बिल्ली ‘शत्रू’. पण बंदर हातात आलं, धान्य तिथून उतरू लागलं, आणि बिल्लींचे पोटकबिले फैसलकडे येऊ लागले. फैसल बसून एकेक जुनी वैरं मिटवत होता. रात्र रात्र चालायच्या त्या बैठका. माझ्या मते बंडातलं सगळ्यात मोठं गुप्तचर काम ते होतं, आणि ते कुठल्याही इंग्रजाने केलेलं नाही.

आता औदा अबू तायी. हुवैतातांचा सरदार, चित्रपटात अँथनी क्विनने केलेला. फैसलकडे आला, जेवायला बसला, एकदम उठून तंबूबाहेर गेला आणि दगडाने स्वतःची कवळी फोडली. का, तर ती तुर्कांच्या जमाल पाशाने करून दिली होती! निष्ठेचा याहून सज्जड पुरावा कुठला मिळणार? ६ जुलै १९१७ ला त्याच्याच जोरावर अकाबा पडलं.

आणि महिन्याभरात लॉरेन्सला कळलं की औदा तुर्कांशी गुपचूप पत्रव्यवहार करतोय. तो धावत गेला, औदाला सहज बोलल्यासारखं पत्रांतलंच काहीतरी ऐकवलं. औदा हसला. म्हणाला, तुर्कांना फसवून पैसे काढत होतो. यात थोडं खरं असेलही. पण अकाबा जिंकल्याचं बक्षीस अजून मिळालं नव्हतं, हेही खरं. लॉरेन्सने आगाऊ सोनं दिलं आणि कैरोला कळवलं, सगळं ठीक आहे, फितुरी नाही. नंतर त्याने स्वतःच लिहिलं की हे पूर्ण खरं नव्हतं, पण कैरोला गोष्टीतले शूर वीर हवे होते.

बघा म्हणजे. जो माणूस माहिती गोळा करतोय, तोच ती धुऊन पुढे पाठवतोय. आणि मला सांगा, त्याने खरं कळवलं असतं तर? कैरोने औदाचं सोनं थांबवलं असतं, औदा खरंच गेला असता. इथे मला चूक-बरोबर ठरवता येत नाही.

शेवटची गोष्ट नूरी शालानची. रुवाला कबिल्याचा म्हातारा शेख. त्याचे कळप सीरियाच्या वाळवंटात, बाजार दमास्कसचा, आणि दमास्कस तुर्कांच्या हातात. उघडपणे बंडात आला तर लोक उपाशी मरणार. म्हणून तो १९१८ च्या उन्हाळ्यापर्यंत दोन्हीकडे गोड बोलत राहिला. इंग्रजांच्या नोंदीत तो कायम ‘अनिश्चित’.

तोवर इंग्रजांचीही कर्मं बाहेर आली होती. फ्रान्सबरोबर अरब मुलूख वाटून घेणारा १९१६ चा सायक्स-पिको करार रशियन क्रांतिकारकांनी छापून टाकला होता. बाल्फोर जाहीरनामा आला होता. हुसेनला दिलेला शब्द वेगळाच. आणि नूरीने हे सगळे कागद जपून ठेवले होते. लॉरेन्स सांगतो, एकदा म्हाताऱ्याने इंग्रजांच्या वचनांची फाइल पुढे ठेवली आणि विचारलं, यातलं कुठलं खरं धरू?

इतकी वर्षं सॅव्हॉय हॉटेलात बसून इंग्रज विचारत होते, हा कबिला कुणाचा? आणि इकडे तो कबिला इंग्रजांवर फाइल ठेवून होता, तारखांसकट.

लॉरेन्सला उत्तर देताना फार त्रास झाला म्हणतो. त्याने सांगितलं, ज्याची तारीख सगळ्यात नवी, ते धरा.

नूरी शालान सप्टेंबरमध्ये आपले स्वार घेऊन आला. १ ऑक्टोबर १९१८ ला दमास्कस पडलं. जुलै १९२० मध्ये फ्रेंच फौज तिथे शिरली आणि फैसलला शहर सोडावं लागलं.

चला, पुढच्या भागात कूत आणि पुणे डिव्हिजन. कुणाच्या घरात पणजोबांची मेसोपोटेमियाची गोष्ट सांगत असतील, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. आणि त्या प्रश्नवाल्या भावा, थँक्यू रे.